नाकाचं ऑपरेशन आणि डोळ्यांखालचा जांभळेपणा: सूज वेगळी, साकळलेलं रक्त वेगळं

धाकट्या बहिणीच्या नाकाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती आरशासमोर उभी राहून रडायला लागली. डावा डोळा जेमतेम फटीएवढा उघडत होता, खालची पापणी वांग्यासारखी जांभळी. "ताई, डोळ्याला तर काही झालं नाही ना?" मावशी म्हणाली, "सूज आहे गं, गरम शेक दे." सूज होतीच, पण जांभळा रंग सुजेचा नव्हता. आणि गरम शेक तर त्या दिवसांत नकोच, त्याने दोन्ही वाढतात.

डोळ्याला ऑपरेशनमध्ये हात लागलेला नसतो. नाक बारीक किंवा सरळ करताना बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या हाडांना छेद देतात आणि ते हाड डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला खेटून असतं. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, तिच्याखालची जागा सैल. जे काही झिरपतं ते तिथेच साठतं. फक्त नाकाच्या शेंड्याचं काम असेल, तर डोळे फारसे काळेनिळे होतही नाहीत.

सूज म्हणजे पाणी. ती आकारात दिसते. पहिल्या २-३ दिवसांत सगळ्यात जास्त, सकाळी उठल्यावर विशेष, दुपारपर्यंत थोडी उतरते. म्हणून डोकं उंच ठेवून झोपायचं. पहिले ४८ तास थंड शेक. आम्ही मटारची गोठवलेली पिशवी पातळ पंच्यात गुंडाळून पापण्यांवर आणि गालांवर ठेवायचो, नाकावर अजिबात नाही. सुजेमुळे अश्रू वाहून जायची वाट दबते, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येतं. तेही थांबतं.

साकळलेलं रक्त रंगात दिसतं. जांभळं, मग हिरवट, मग पिवळं, कारण रक्तातल्या लाल हिमोग्लोबिनचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं आणि मग पिवळं बिलिरुबिन. उशा कितीही लावा, हा रंग त्याच्या वेळेनेच जातो, साधारण १० ते १४ दिवसांनी. चौथ्या-पाचव्या दिवशी तो गालावर उतरलेला पाहून आम्ही पुन्हा घाबरलो. पण रक्त खाली ओघळतं, इतकंच. डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल डाग दिसला, तरी नजर नीट असेल तर तोही आपोआप विरतो.

उन्हाने डाग रेंगाळतो. पुण्यात मुली स्कार्फ-गॉगल लावल्याशिवाय स्कूटरवर बसत नाहीत, पण हाडाला छेद दिला असेल तर काही आठवडे नाकावर गॉगल किंवा चष्मा टेकवायचा नाही. छत्री घ्या, रुंद काठाची टोपी घाला. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

मात्र अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, डोळा घट्ट होऊन पुढे येणं, असह्य ठणका, एकाच बाजूची झपाट्याने वाढणारी सूज, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्री २ वाजता का होईना, सर्जनला फोन लावा.