धोक्यातल्या पत्रकाराला तातडीची मदत: कोकणातल्या वार्ताहराचा अर्ज नेमका कुठे अडतो

बातमीमुळे धमकी आली, मारहाण झाली, कॅमेरा फोडला किंवा खोटा गुन्हा दाखल झाला, तर पत्रकाराला तातडीने मदत करणाऱ्या संस्था जगात आहेत. तालुक्याच्या वार्ताहरांपर्यंतही ही माहिती आता पोहोचली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बरेच जण अर्ज करतात आणि बऱ्याच जणांना नकार येतो. नकार आला की माणूस म्हणतो, "आमचा धोका त्यांना खरा वाटला नाही." बहुतेक वेळा तसं नसतं. धोका आणि बातमी यांना जोडणारा धागा कागदावर दिसलेला नसतो. तो कसा दाखवायचा, हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

संस्था कोणत्या, ते आधी थोडक्यात. न्यूयॉर्कची 'कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स' ही संस्था १९८१ पासून आहे. उपचार, वकिलाचा खर्च, काही काळ दुसरीकडे हलणं, तुरुंगातल्या पत्रकाराच्या कुटुंबाला आधार, अशा कारणांसाठी ती मदत करते. पॅरिसची 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' अशाच कामांसाठी अर्ज घेते. नेदरलँड्सच्या 'फ्री प्रेस अनलिमिटेड'चा 'रिपोर्टर्स रिस्पॉन्ड' निधी फोडलेल्या किंवा हिसकावलेल्या कॅमेऱ्याच्या बदल्यातही मदत देतो. लंडनचा 'रोरी पेक ट्रस्ट' फक्त स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी आहे. 'इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशन'चा आपत्कालीन निधी महिला आणि नॉन-बायनरी पत्रकारांसाठी आहे. फोन किंवा खातं हॅक झालं असेल, तर 'अॅक्सेस नाऊ'ची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते. अर्ज करायला कोणतीही संस्था पैसे घेत नाही. कोणी "फॉर्म भरून देतो, टक्का द्या" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पत्रकार आहात, हे दाखवायचं कशावर?

पहिला अडथळा इथे येतो, आणि तो कोकणात फार मोठा आहे. तालुक्याचा वार्ताहर दहा-पंधरा वर्षं बातम्या देतो, पण त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र नसतं. मानधन मिळालंच तर रोख मिळतं, नाहीतर जाहिरातीच्या कमिशनवर भागवायचं. घर चालतं ते दुकानावर, बागेवर किंवा शिकवण्यांवर. बातमीवर नाव नसतं, 'वार्ताहर, देवगड' किंवा 'प्रतिनिधी, राजापूर' एवढंच छापलं जातं. मग परदेशातला माणूस विचारतो, हे तुम्हीच लिहिलंत कशावरून? प्रश्न रास्त आहे. त्याला आपली पद्धत ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

यावर सर्वांत जड कागद म्हणजे संपादकाचं पत्र. पण "सदर इसम आमच्या दैनिकाचे वार्ताहर असून त्यांना सहकार्य करावे" या छापाच्या पत्राचा काही उपयोग होत नाही. पत्रात तुम्ही कधीपासून काम करता, कोणता तालुका बघता, मानधन कसं मिळतं हे हवं. मुख्य म्हणजे, अमुक तारखेच्या अंकात अमुक पानावर नाव न देता छापलेली अमुक बातमी यांनीच दिली होती, हे वाक्य हवं. पत्र छापील लेटरहेडवर असावं, खाली सही, पद आणि उचलला जाईल असा फोन नंबर असावा. संस्था त्या नंबरवर खरंच फोन करतात. संपादकाला याची कल्पना नसेल आणि तो "कोण? बघून सांगतो" म्हणाला, तर अर्ज तिथेच थांबतो.

मालकाच्या भीतीने संपादक पत्र देत नाही, असंही होतं. अशा वेळी बातमी पाठवल्याचे ईमेल, डेस्कशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, मानधन जमा झाल्याची बँकेतली नोंद आणि दुसऱ्या दैनिकातल्या दोन पत्रकारांची नावं संदर्भ म्हणून द्या. कोणत्यातरी संघटनेकडून पैसे भरून घेतलेल्या प्रेस कार्डावर विसंबू नका. अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारने दिलेलं ओळखपत्र, असेल तर उत्तमच. नसेल तर या संस्था त्यावाचून अर्ज अडवत नाहीत. यूट्यूब चॅनल किंवा पोर्टल चालवणाऱ्यांनी आपली बातमीदारी नियमित आहे, हे वर्षभराच्या लिंक देऊन दाखवावं.

कात्रणांबद्दल एक सांगतो, कारण ही चूक जवळपास प्रत्येक अर्जात असते. बातमी नीट कापून, वहीत चिकटवून तिचा फोटो पाठवतात. त्यात दैनिकाचं नाव नसतं, तारीखही नसते. पूर्ण पानाचा फोटो काढा, वरची तारखेची पट्टी दिसली पाहिजे. मग बातमीचा जवळून दुसरा फोटो काढा. अंक रद्दीत गेला असेल तर ई-पेपरचं पान शोधून उतरवून घ्या.

धमकी बातमीमुळेच आली, हे कसं दाखवाल?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बारसूच्या नियोजित रिफायनरीवर ते सातत्याने लिहीत होते. धडकेच्याच दिवशी सकाळी ज्याच्याबद्दल त्यांची बातमी छापून आली होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. हे प्रकरण जगभर पोहोचलं, कारण बातमीची तारीख आणि हल्ल्याची तारीख शेजारी ठेवली की तिसरं काही सांगावं लागत नव्हतं. जिवंत माणसाच्या अर्जातही तेच लागतं: दोन तारखा आणि त्यांच्यामधला धागा.

आपल्याकडे हकिगत कशी लिहितात? "मी निर्भीड पत्रकार असून मला वारंवार जीवे मारण्याच्या धमक्या येत आहेत, तरी मदत मिळावी ही नम्र विनंती." यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: "३ तारखेला खाडीतल्या बेकायदा वाळू उपशाची बातमी छापून आली, पान ४. ४ तारखेला सकाळी अमुक नंबरवरून फोन आला, बातमी मागे घे असं सांगितलं. ५ तारखेच्या रात्री दोघं घराच्या पडवीत आले, आईला धमकावून गेले. ६ तारखेला पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच सोबत जोडली आहे." एक पान पुरेसं आहे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. व्याकरणापायी अर्ज आठवडाभर लांबवू नका.

अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो, शेवटची तारीख नसते. याचा अर्थ लोक चुकीचा घेतात आणि "पावसाळा झाला की बघू" म्हणतात. ही मदत आत्ताच्या धोक्यासाठी असते. वर्षापूर्वीच्या मारहाणीवर आज अर्ज केला, तर आज काय धोका आहे, हा प्रश्न येणारच. उलट बाजूने, 'रिपोर्टर्स रिस्पॉन्ड' चोवीस तासांत प्रतिसाद देण्याचा प्रयत्न करतो. प्रतिसाद म्हणजे उत्तर. पैसे चोवीस तासांत हातात पडतील, असं कोणी म्हटलेलं नाही. तोवरची सोय आधी करा.

कोकणात आणखी एक गुंता होतो. गावातला प्रश्न असला की वार्ताहर बातमीही देतो आणि ग्रामस्थांबरोबर आंदोलनालाही बसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र धमकी बातमीमुळे आली की आंदोलनामुळे, हे अर्जात स्वच्छ लिहा. लपवलंत आणि फेसबुकवरचा उपोषणाचा फोटो त्यांना सापडला, तर सगळ्याच हकिगतीवर संशय येतो. आंदोलनातला धोका मोठा असेल, तर डब्लिनच्या 'फ्रंट लाइन डिफेंडर्स'चा मार्ग अधिक योग्य. ती संस्था मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या माणसांना संरक्षणासाठी मदत देते.

पोलीस ठाण्यातला कागद

हा कागद मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो. धमकीची तक्रार घेऊन गेलं की अदखलपात्र नोंद (एनसी, म्हणजे ज्यात न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत) करून तिची प्रत हातात देतात. पुष्कळदा तेही नाही, "समजावून सांगतो त्यांना" म्हणून परत पाठवतात. जिवाच्या भीतीने आलेल्या माणसाला दोन-दोन तास बाकावर बसवून ठेवायचं आणि वर "तुम्ही पत्रकार लोक पण ना" ऐकवायचं, हे पाहून संताप येतो. पण रागावून तसेच परत येऊ नका. तोंडी काही सांगू नका. तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्याच. एफआयआर झाला तर त्याची प्रत मोफत मिळण्याचा तुमचा हक्क आहे. ठाण्याने नोंद नाकारली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पोस्टाची पावती जपा, अर्जाला तीही जोडता येते.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये मंजूर केला आणि २०१९ मध्ये तो लागू झाला. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रारीत या कायद्याचा उल्लेख स्वतःहून करा, कारण ठाण्यात तो आपणहून कोणी काढत नाही. यातही अडचण आहेच. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे, अशालाच हा कायदा पत्रकार मानतो. म्हणजे पुन्हा संपादकाचं पत्र.

पोलिसांकडे जाणंच धोक्याचं असेल, तर ते कारणासह लिहा. एफआयआर नाही एवढ्यावरून या संस्था अर्ज फेकून देत नाहीत. काहीच न सांगता ती जागा रिकामी सोडली, तर मात्र शंका येते.

पैसे स्वीकारण्यापूर्वी हे वाचाच

परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० याचं कलम ३ नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहराला, स्तंभलेखकाला, व्यंगचित्रकाराला, संपादकाला, मालकाला, मुद्रकाला आणि प्रकाशकाला परदेशी योगदान घ्यायला मनाई करतं. दृक्-श्राव्य किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या देणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे वार्ताहरही त्यात येतात. कलम ४ मध्ये काही अपवाद आहेत: पगार, कामाचा मोबदला, नातेवाइकाने पाठवलेले पैसे, शिष्यवृत्ती वगैरे. 'संकटातली मदत' असा अपवाद त्या यादीत नाही. कायदा मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधीच कोणीतरी तुमच्या मागावर असताना खात्यात परदेशातून रक्कम जमा झाली, तर त्याच्या हातात आयतं कोलीत मिळेल.

म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये लिहा: मी भारतात आहे, नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर आहे, हा कायदा मला लागू होतो, त्यामुळे वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय रक्कम स्वीकारणार नाही. आणि तो सल्ला खरोखर घ्या, लेखी घ्या. भावाच्या किंवा बायकोच्या खात्यावर पैसे मागवण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रत्नागिरीत, ओरोसला आणि अलिबागला आहे. तिथे मोफत वकिलासाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही.

पैशाखेरीजही पुष्कळ काही मागता येतं, आणि लोक तेच मागायचं विसरतात. वकिलाशी ओळख करून देणं, फोन तपासून देणं, सुरक्षेचा सल्ला, जाहीर निवेदन, सरकारला पत्र हे सगळं मागा. बाहेरून कोणीतरी बघतं आहे, हे कळल्यावर तालुक्यातली वागणूक बदलते.

पैशाची मदत देशातूनच हवी असेल, तर केंद्राची पत्रकार कल्याण योजना आहे, अर्ज पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळावर करायचा. पत्रकाराचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला किंवा कायमचं अपंगत्व आल्यास त्याला पाच लाखांपर्यंत, गंभीर आजारात तीन लाखांपर्यंत, अपघाताच्या उपचारांसाठी दोन लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अधिस्वीकृती नसेल तर सलग पाच वर्षांच्या पत्रकारितेचा पुरावा लागतो. राज्याच्या शंकरराव चव्हाण सुवर्णमहोत्सवी पत्रकार कल्याण निधीची चौकशी जिल्हा माहिती कार्यालयात करा.

अर्ज भरताना

महा ई-सेवा केंद्रावर किंवा बाजारातल्या सायबर कॅफेत बसून हा अर्ज भरू नका. सातबारा आणि हा अर्ज यांत फरक आहे. लहान गावात संध्याकाळच्या आत ते नको त्या कानावर जातं. विश्वासातल्या माणसाचा लॅपटॉप घ्या, नवा ईमेल उघडा. धमकीचे व्हॉट्सअॅप संदेश समोरचा पुसू शकतो, तेव्हा आले की लगेच स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि वेळ दिसू द्या, आणि प्रत गावाबाहेरच्या कुणाकडे ठेवा. आधार, बँक आणि बातमी यांवर नाव वेगवेगळं असेल, तर ती एकच व्यक्ती आहे हे एका ओळीत लिहून टाका. खर्चाचा अंदाज आकड्यांत द्या: भाडं किती, प्रवास किती, कोणत्या डॉक्टरांचं बिल किती. "योग्य ती मदत" असं लिहिलं की काय द्यायचं, हेच त्यांना कळत नाही.

चार ठिकाणी अर्ज केला असेल तर प्रत्येक ठिकाणी तसं सांगा. यातल्या बऱ्याच संस्था २००६ पासून 'जर्नालिस्ट्स इन डिस्ट्रेस' नावाच्या जाळ्यात एकत्र आहेत आणि एकाच माणसाला दोनदा मदत जाऊ नये म्हणून आपसात माहिती देवाणघेवाण करतात. नकार आला तर कारण विचारा, दोन ओळींचं नम्र ईमेल पुरतं. कागद कमी पडला असेल तर तो जोडून पुन्हा पाठवा. आपल्या कक्षेत बसत नाही असं कळवलं, तर कोणाकडे जाऊ हे त्यांनाच विचारा. बरेचदा ते अर्ज स्वतःच पुढच्या संस्थेकडे सोपवतात, तुमची परवानगी असेल तर.