वर्तुळ थोडं खोटं काढावं लागतं

'पणजी' हा शब्द ठळक, भौमितिक वळणाच्या फॉन्टमध्ये लावून पाहा. प, ण, ज आणि शेवटची वेलांटी, चारही ठिकाणी उभा दांडा; त्यात 'ण'चे आणखी दोन पाय. जाडी वाढवत गेलं की शब्द मागे पडतो आणि कुंपण दिसायला लागतं.

वर्तुळ, सरळ रेषा आणि एकसारखी जाडी, एवढ्या भांडवलावर बेतलेली ही अक्षरं. रोमनमधलं गाजलेलं उदाहरण पाउल रेनर यांचा 1927 सालचा 'फ्युचुरा'. देवनागरीत 'पॉपिन्स' सगळ्यांच्या पाहण्यातला. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी केली, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी.

एकसारखी जाडी मात्र नावापुरतीच. वर्तुळ रेषेला एकाच बिंदूत टेकतं, त्यामुळे चौकोनी अक्षराशेजारी ते बुटकं वाटतं. म्हणून 100 मिमी उंचीच्या अक्षरात गोल भाग एक-दोन मिमी बाहेर काढतात. आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, म्हणून शिरोरेषा दांड्याहून बारीक ठेवायची. गोलाई दांड्याला मिळते तिथे काळं साचतं. तो कोपरा आतून तासावा लागतो. हे सगळं नीट जमलं की बघणाऱ्याला वाटतं, परकाराने काढलंय!

देवनागरीत खरी कसोटी पोकळ्यांची. 'फोंडा'तला अनुस्वार मात्रेला चिकटतो. 'धारगळ'मध्ये तर 'ध'च्या डोक्यावरची फट बुजली की 'घारगळ' झालंच. मागून दिवा असलेल्या बोर्डावर हे आणखी बिघडतं, कारण उजेड पसरून फटी गिळतो. तिथे एक पायरी कमी जाडीचा फॉन्ट घ्यावा आणि अक्षरांमधलं अंतर किंचित वाढवावं.

बोर्ड करायला देण्याआधी साधी परीक्षा: 30 सेंमीचं अक्षर 30 मीटरवरून वाचायचं असेल, तर कागदावर 3 सेंमीचं छापून 3 मीटरवरून बघा. उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजा. मात्रा-उकारांची जागा वेगळी.

'शिवोली' लिहिताना 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे उमटले, तर फॉन्टला लगेच दोष देऊ नका. पुष्कळ फॉन्टांत मराठी वळण आत असतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. ती निवड आधी, अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर नंतर. एकदा रूपांतर झालं की तो फक्त आकार उरतो. शिवाय शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ते कळत नाही, पण व्हिनाइल (बोर्डावर चिकटवायचा प्लास्टिकचा कागद) कापणारं यंत्र प्रत्येक सांध्यावर सुरी फिरवतं आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. सगळे आकार एकजीव करूनच फाइल द्यायची.