क्लायंट-सर्व्हर संदेशांच्या पेटंटचा अर्ज कुठे अडतो?

पेटंट कायदा, १९७० चे कलम ३(के) सांगते की निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात शोधाचा तांत्रिक परिणाम पाहायला सांगितले. पण तो परिणाम दाव्याच्या, म्हणजे अर्जात नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या क्लेमच्या, शब्दांत दिसला पाहिजे. ‘सर्व्हर संदेश वेगाने पोहोचवतो’ एवढ्यावर कोणताही परीक्षक समाधानी होणार नाही. त्याऐवजी असे लिहा: पोच मिळेपर्यंत सर्व्हर संदेश अनुक्रमांकासह रांगेत ठेवतो, तुटलेली जोडणी पुन्हा जुळली की क्लायंट (वापरणाऱ्याच्या फोनवरचे किंवा संगणकावरचे ॲप) शेवटचा मिळालेला क्रमांक कळवतो आणि सर्व्हर त्यापुढचेच संदेश पाठवतो. (हे तंत्र जुने आहे, इथे फक्त मांडणी पाहा.)

दाव्यातला प्रत्येक घटक दुसऱ्याच्या प्रणालीत सापडला, तरच उल्लंघन ठरते. निम्म्या पायऱ्या ग्राहकाच्या फोनवर आणि निम्म्या परदेशातल्या सर्व्हरवर होत असतील, तर नेमके कोणाला धरणार? भारतीय पेटंटचा हक्क भारतापुरताच असतो. म्हणून केवळ सर्व्हरचा आणि केवळ क्लायंटचा असे स्वतंत्र दावेही लिहा. पर्यायी रचना पहिल्याच दिवशी विवरणात, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनात, घाला. कलम ५९ मुळे दावे नंतर अरुंद करता येतात, रुंद नाही.

कागदपत्रे: नमुना १ (अर्ज), २ (विवरण), ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती), गरजेनुसार ५ (संशोधक कोण याची घोषणा), वकील किंवा एजंट असेल तर २६ (अधिकारपत्र), स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर २८. सगळे इंग्रजी किंवा हिंदीत. मराठी चालत नाही. व्यक्ती आणि स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, दहाच्या पुढच्या प्रत्येक दाव्याला ३२०.

खरी अडचण होते ती हक्काच्या पुराव्याची. कंपनीच्या नावाने अर्ज असेल तर प्रत्येक संशोधकाची नमुना १ वर सही किंवा हस्तांतरणपत्र लागते आणि ते अर्जापासून ६ महिन्यांत द्यावे लागते. नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरची सही तेव्हा कुठून आणणार? नेमणूकपत्रावर विसंबू नका, तो कामावर असतानाच सही घेऊन ठेवा.

परीक्षणाची विनंती (नमुना १८) वेगळी करावी लागते; अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप सुरू होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिने मिळतात. पूर्वीचे ४८ विसरा. आधी तात्पुरते (प्रोव्हिजनल) विवरण देऊन पूर्ण विवरण नंतर दिले असेल, तर हे महिने तात्पुरते विवरण दाखल केल्याच्या दिवसापासून मोजायचे. अनेकजण पूर्ण विवरणाच्या तारखेपासून मोजतात आणि तिथेच फसतात. विनंती वेळेत गेली नाही, तर अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते.