चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगावचं छोटं रुग्णालय भरून गेलं होतं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते द्रावण पिंपांत भरलं आणि पेल्यानं पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. आधी शंभरातले सुमारे ३० रुग्ण दगावत होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते प्रमाण चारच्याही खाली आलं. या घटनेतल्या औषधाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यातले नातेवाईक तितकेच महत्त्वाचे वाटतात. उशाशी बसलेल्या आईला, भावाला काय करायचं ते कळलं होतं, म्हणून ते औषध पोटात गेलं.

जोराच्या जुलाबात पाणी आणि क्षार शरीरातून भराभर निघून जातात आणि नुसतं पाणी प्यायलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही. पण लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना एक दार असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही जोडी दाखवून दिली. पटकीच्या विषानं बाकी कारभार बिघडला तरी हे दार शाबूत राहतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागून जातं. साखर किंवा गूळ आतड्यात फुटून ग्लुकोज मिळतं, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरही काम भागतं. मात्र प्रमाण चुकून चालत नाही. मीठ जास्त झालं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं. गोड जास्त झालं तर आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

म्हणजे लाखो घरांतल्या बायकांच्या हाताला हे माप बसायला हवं होतं. बांगलादेशात फजले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ संस्थेनं १९८० पासून हेच काम अंगावर घेतलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर (जवळपास अर्धा लिटर) पाणी. शिकवणाऱ्या तरुण मुली गावोगाव, दारोदार जात. घरातल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देत आणि आईला तिच्या हातानं द्रावण करायला लावत. लक्षात ठेवायचे मुद्दे आधी दहा होते, पुढे सातवर आणले.

यातला मोबदल्याचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. काही आठवड्यांनी दुसरेच लोक निवडक घरी जाऊन आईला किती आठवतं, द्रावण नीट जमतं का हे तपासत. नमुने प्रयोगशाळेतही जात. शिकवणारीचा मोबदला त्या उत्तरांवर ठरे. किती घरं फिरलीस याला महत्त्व नव्हतं, आईकडे काय उरलं याला होतं. आपल्याकडच्या किती आरोग्य शिबिरांचं मोजमाप असं होतं? हजेरीपटावरच्या सह्या आणि वाटलेली पत्रकं मोजली की अहवाल पूर्ण होतो.

तरीही सुरुवातीला एक कोडं पडलं. बायकांना सगळं पाठ होतं, पण मूल आजारी पडल्यावर द्रावण करणाऱ्या फार थोड्या निघाल्या. शोध घेतल्यावर दिसलं, की शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्याही गोळ्याच घेत. मग त्यांना या उपचारामागचं विज्ञान नीट समजावून दिलं आणि आयांसमोर त्या स्वतः ते पाणी पिऊ लागल्या. दुसरं असं, की घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्यासाठी बाजारात, मशिदीत, शाळेत बैठका सुरू झाल्या. १९९० पर्यंत हा कार्यक्रम १ कोटी २० लाखांहून अधिक घरांपर्यंत पोचला.

आपल्याकडे अशाच द्रावणासाठीची जलसंजीवनीची (ओआरएसची) पाकिटं आशाताई घरी आणून देतात, हे मोठंच काम आहे. पण पाकीट हातात पडल्यावर पुढचं घरावर असतं, आणि ‘जुलाबात पाणी पाजू नका, वाढतील’ असं सांगणारी आजी अजून कित्येक घरांत आहे. तिच्या म्हणण्यामागे नातवाची काळजी असते. म्हणून समजावताना तिलाही सुनेच्या शेजारी बसवायला हवं. एक लिटरचं पाकीट पुरतं एक लिटर पिण्याच्या पाण्यात घालायचं, अर्धं-अर्धं करायचं नाही. उरलेलं द्रावण २४ तासांनी टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं, डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी मध्येच सोडायच्या नाहीत. आणि बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, काही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर द्रावण करत बसण्यात वेळ न घालवता त्याला दवाखान्यात न्यायचं. पिता येत असेल तर वाटेतही पाजत राहायचं.