धूळपाटी ते बालवाटिका: ‘केजीच्या तयारी’मागचा इतिहास

पुण्यात दिवाळी उलटली की तीन वर्षांच्या मुलांच्या घरात धावपळ सुरू होते. पुढच्या जूनचे अर्ज, शाळांच्या याद्या, आणि सोसायटीच्या बाकावर एकच विषय: ‘तुमच्याकडे एबीसीडी झाली का?’ मी बालवाडीत शिकवते. हा प्रश्न रोज कानांवर पडतो, म्हणून ‘तयारी’ या शब्दाचा मागचा प्रवास सांगावासा वाटतो.

आपल्याकडे अक्षरांची पहिली गाठ पडायची ती पंतोजींच्या शाळेत. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि तीत गिरवायचे. ‘श्रीगणेशा’ आणि ‘ओनामा’ हे शब्द त्या गिरवण्यातूनच आपल्या बोलण्यात आले. त्याआधीची वर्षे घरातली, अंगणातली. आजीच्या मांडीवर बडबडगीते, तिच्याबरोबर मटार सोलणे, भातुकली, सागरगोटे. याला कोणी शिक्षण म्हटले नाही, पण कान आणि बोटे तिथेच तयार व्हायची. पुढे शाळांमध्ये पहिलीच्या आधी ‘बिगरी’ आली, आणि मुलाला लवकर बाकावर बसवायची सवय लागली.

‘केजी’तले किंडरगार्टन मात्र जर्मनीतले. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला हे नाव दिले. त्याचा सरळ अर्थ मुलांची बाग. ठोकळे, गाणी, बागकाम हाच तिथला अभ्यास. १९०७ मध्ये मारिया मॉन्टेसरी यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘मुलांचे घर’ नावाची लहानग्यांची शाळा उघडली. लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत कमीजास्त जाडीचे दट्टे बसवताना मूल तीन बोटांची जी पकड शिकते, तीच पुढे पेन्सिलीला लागते. अक्षरेही आधी खरखरीत कागदाची, बोटाने चाचपायची.

हे विचार इकडे आणणाऱ्यांच्या पहिल्या फळीत गुजरातचे शिक्षक गिजुभाई बधेका. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे वर्षानुवर्षे इथेच राहिल्या.

पण मला सगळ्यांत जवळच्या वाटतात त्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. तरीही शिकल्या आणि पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्यातली स्थिर नोकरी मागे राहिली. बोर्डीत, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत, मुले शाळेत यायला तयार नव्हती. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी घेतली. दिवसाची सुरुवात हातपाय धुऊन, केस विंचरून व्हायची. मुलाची तयारी करायची ती इथून, हे या दोघींनी दाखवून दिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शहरांत मात्र वारे उलटे फिरले. इंग्रजी माध्यमाची ओढ वाढली, पहिलीचा अभ्यास सिनिअर केजीत आला, सिनिअरचा ज्युनिअरमध्ये. चिमुकल्यांच्या मुलाखती होऊ लागल्या. १९९३ मध्ये शाळकरी मुलांवरचे अभ्यासाचे ओझे कमी करण्यासाठी नेमलेल्या यशपाल समितीने त्या बंद करा असे सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मूल आणि पालक दोघांचीही चाळणी लावायला मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला, पहिलीसाठी सहा वर्षे वय ठरवले आणि पहिलीच्या आधीच्या वर्गाला बालवाटिका म्हटले. फ्रोबेलची बाग अशी मराठी कानांना कळेल अशा नावाने परत आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

यात शरीराचेही म्हणणे ऐकायला हवे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचे हाड नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास होते. साडेतीन वर्षांच्या मुलाने दोन रेघांत पानभर लिहावे, हे मागणे त्या मनगटाकडे आहे.

मागे एक वडील पहिल्याच दिवशी वही घेऊन आले. चार पाने ‘ए’ने भरलेली, जागोजागी कागद फाटलेला. मधल्या सुट्टीत त्या मुलाला डबा उघडेना. अंगठा झाकणाच्या कडेवरून घसरायचा, आणि तो डबा माझ्यापुढे धरून गप्प उभा राहायचा. मी वही ठेवून घेतली आणि त्याला चवळी-राजमा निवडायला, कणकेचे साप वळायला, चिमट्याने कापूस उचलायला बसवले. गणपतीच्या सुट्टीनंतर डबा त्याचा त्याने उघडला. दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी त्याने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, जरा वाकडी, पण पाटीभर. वही अजून माझ्या कपाटात आहे, वडिलांनी ती परत मागितलेली नाही.