टी पेशी सक्रियण व निरोधन

टी पेशी सक्रियण व निरोधन : प्रतिक्षम संस्थेतील (रोगप्रतिकार यंत्रणेतील) टी पेशीने, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीने, कधी चेतावे आणि कधी थांबावे, हे तिच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने ठरवतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) एमबीबीएस अभ्यासक्रमात हा विषय सूक्ष्मजीवशास्त्रात शिकवला जातो.

चेतण्यासाठी दोन संकेत लागतात. टी पेशी ग्राही (टीसीआर) समोरच्या पेशीच्या एमएचसी या मांडणी करणाऱ्या रेणूवरील पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) ओळखतो, हा पहिला. टी पेशीवरील सीडी-२८ व समोरच्या पेशीवरील बी-७ या रेणूंची जुळणी हा दुसरा. केवळ पहिला मिळाल्यास पेशी बधिर होते. द्विसंकेत कल्पना ब्रेत्शर व कोन यांनी १९७० मध्ये मांडली, ती प्रतिपिंडांच्या संदर्भात. टी पेशींना ती लॅफर्टी व कनिंगहॅम यांनी १९७५च्या सुमारास लावली, म्हणून श्रेय विभागून देणे सयुक्तिक ठरते.

टीसीआर नेमका कसा चेततो, यावर मतभेद आहेत. त्याला स्वतःची विकरक्रिया (एन्झाइमचे कार्य) नसते. त्याला जोडलेल्या सीडी-३ व झीटा या प्रथिनसाखळ्यांवर संकेत पुढे नेणारे एकूण १० भाग असतात. प्रत्येकात टायरोसिन या अमिनो आम्लाचे २ रेणू. लेक हे विकर त्यांवर फॉस्फेट चढवते व तेथे झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते. सीडी-४५ हे उंच प्रथिन फॉस्फेट उतरवत असते. एका मतानुसार ओढ बसून ग्राहीचा आकार बदलतो. दुसऱ्यानुसार दोन पेशीपटले सुमारे १५ नॅनोमीटरवर येतात, त्या फटीत सीडी-४५ मावत नाही आणि लेकचे काम निर्वेध होते. एमएचसी रेणू मुद्दाम लांबवल्यास संकेत मंदावतो, असे २००५ मध्ये दिसले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही क्रिया एकत्र घडणेही अशक्य नाही.

सीटीएलए-४ हे टी पेशीवरील ग्राही प्रथिन १९८७ मध्ये सापडले. आरंभी काहींनी त्यास चेतक मानले. १९९४-९५च्या प्रयोगांनी ते निरोधक ठरवले. ते नसलेले उंदीर ३-४ आठवड्यांतच, अवयवांत लसीकापेशी घुसून, मेले. ते सीडी-२८च्याच बी-७ला अधिक घट्ट धरते. नाशिककरांनी गोदापात्रातील दुतोंड्या मारुती आठवावा : मूर्ती एक, तोंडे दोन दिशांना. बी-७ही तसाच, सीडी-२८मार्फत चेतवतो आणि सीटीएलए-४मार्फत आवरतो.

पीडी-१ हे दुसरे निरोधक ग्राही प्रथिन १९९२ मध्ये जपानमधील क्योतोत तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत आढळले. पेशीमृत्यूशी जोडलेले त्याचे नाव (पीडी म्हणजे ‘प्रोग्रॅम्ड डेथ’) आता दिशाभूल करते. ते एसएचपी-२ या फॉस्फेट उतरवणाऱ्या विकराला ओढून घेते आणि ते विकर मुख्यतः सीडी-२८वर प्रहार करतो, असे २०१७च्या प्रयोगांवरून दिसते. टी पेशींवरील असा निरोध औषधांनी उठवणाऱ्या कर्करोग उपचारासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन व होन्जो यांना २०१८चे नोबेल मिळाले. या औषधांनी आतडे, त्वचा व अवटू ग्रंथीचा दाह होऊ शकतो.

लॅग-३ व टिम-३ हे इतर निरोधक होत. लॅग-३विरोधी औषधास अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.