ज्यू परंपरेतील मतभेद

ज्यू धर्मशास्त्रात निर्णय बहुमताने होतो, पण हरलेले मत पुसले जात नाही. ते मांडणाऱ्याच्या नावासह जपले जाते. अशा मतभेदाला हिब्रूत ‘मखलोकेत’ म्हणतात. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या संहितेत एकट्या पडलेल्या पंडितांची मते ठायीठायी आढळतात. ती का ठेवली, हे तिच्यातील ‘एदुयोत’ हा ग्रंथभाग सांगतो : पुढच्या काळातील एखाद्या न्यायसभेला ते मत पटले, तर तिला आधार मिळावा.

‘आवोत’ या भागात वादाचे दोन प्रकार आहेत. ईश्वराप्रीत्यर्थ वाद हिलेल आणि शम्माई या दोन पंडितांचा, तो टिकतो. दुसरा कोरह आणि त्याच्या साथीदारांचा. तो टिकत नाही. बायबलमधील कथेत कोरहाने लोकांचा नेता मोझेस याच्याविरुद्ध बंड केले. ‘सगळाच समाज पवित्र आहे, मग तुम्हीच वर का?’ हा त्याचा सवाल आजच्या वाचकाला रास्त वाटेल; परंपरेला त्यात पदाची हाव दिसली.

मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदमधील कथेनुसार हिलेल आणि शम्माई यांच्या शिष्यांची दोन घराणी तीन वर्षे भांडत राहिली. अखेर आकाशवाणी झाली : दोन्ही मते जिवंत ईश्वराचीच वचने आहेत, आचार मात्र हिलेलच्या घराण्याप्रमाणे ठेवावा. कारण ते लोक सौम्य होते आणि स्वतःच्या मताआधी पूर्वपक्ष शिकवत. विवाहाच्या नियमांवरच मतभेद असूनही या घराण्यांनी आपापसातला रोटीबेटी व्यवहार तोडला नाही, असे मिश्ना सांगते. पुढे हा संयम नेहमीच पाळला गेला असे नाही. कोकणातून इस्राएलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएलांच्या विवाहांना तिथल्या मुख्य रब्बीपीठाने (ज्यू धर्माधिकाऱ्यांच्या संस्थेने) 1960 च्या दशकात पूर्वजांच्या चौकशीची अट घातली होती. 1964 च्या आंदोलनानंतर ती बदलावी लागली.

न्यायसभेच्या नियमांत झुंडीच्या मताविरुद्धची खबरदारी अधिक ठळक दिसते. देहदंडाचा खटला 23 न्यायाधीशांपुढे चाले. मते कनिष्ठांपासून घेत, म्हणजे ज्येष्ठांचे ऐकून कोणी दबू नये. निर्दोष ठरवायला एका मताचे आधिक्य पुरे, दोषी ठरवायला दोन लागत. तालमूदमधील पंडित रव काहाना यांचे वचन तर चक्रावणारे आहे : सगळ्यांनीच दोषी म्हटले, तर आरोपी सुटतो. त्याच्या बाजूने विचार करणारा कोणी उरलेलाच नसतो. ‘होरायोत’ हा भाग आणखी पुढे जातो. न्यायसभा चुकली आहे हे जाणत असूनही तिच्यामागे जाणारा जाणकार शिष्य स्वतः दोषी ठरतो. ‘सभेने सांगितले’ ही सबब त्याला मिळत नाही.

तरीही प्रमुखाचा मान राखावा लागे. महिना कधी सुरू झाला यावरून रब्बी येहोशुआ यांचे सभाप्रमुख रब्बान गमलिएल यांच्याशी मतभेद झाले. येहोशुआंच्या गणिताने ज्या दिवशी योम किप्पुर, म्हणजे पैसे आणि ओझे बाळगणे निषिद्ध असलेला प्रायश्चित्ताचा दिवस, येत होता, त्याच दिवशी त्यांनी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन आपल्याकडे यावे, असा गमलिएल यांनी हुकूम काढला. येहोशुआ गेले. गमलिएल उठले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि ‘माझे गुरू आणि माझे शिष्य’ म्हणाले : ज्ञानाने गुरू, आज्ञा पाळली म्हणून शिष्य. पण येहोशुआंचा पुन्हा पाणउतारा झाला, तेव्हा सभेने गमलिएल यांनाच पदावरून उतरवले. याउलट, शुद्धाशुद्धतेच्या वादात बहुमत न मानणाऱ्या रब्बी एलिएझर यांना बहिष्कृत केले गेले. तालमूद ही कथा त्यांच्या दुःखासह सांगतो, आणि बहुमताची बाजू त्यात फारशी उजळ दिसत नाही.

सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्खान आरुख’ ही आचारसंहिता लिहिली. ती 1565 मध्ये व्हेनिसला छापली गेली. क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी तिच्यावर मध्य व पूर्व युरोपातील रूढींच्या टिपा लिहिल्या आणि त्या मूळ मजकुरातच गुंफून छापल्या जाऊ लागल्या. त्यामुळे वल्हांडणाच्या सणात भात चालतो हे कारोंचे मत आणि आपल्याकडे तो वर्ज्य आहे ही इस्सर्लेस यांची टीप, दोन्ही एकाच परिच्छेदात वाचायला मिळतात.